बिनशिक्क्याचा अर्ज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खिडकीबाहेर उन्हात उभी असायची ती कोळीण माझी सख्खी मावशी होती. ती दिसली की साहेब मला म्हणायचे, "उदबत्ती लाव रे, बोंबील आले." मी लावायचो. वर हसायचोही.

किनाऱ्यावरच्या एका छोट्या नगरपरिषदेत मी घरपट्टीचा कारकून. कोळीवाडा शिकायला म्हणून सोडला तो सोडलाच. आडनावावरून जात कळत नाही. डब्यात सुकी मासळी कधी नेली नाही.

मावशीच्या अंगणात बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडी. त्या बघून साहेबांनी राहतं घर 'व्यावसायिक' ठरवलं. पट्टी तिच्या आवाक्याबाहेर गेली. न भरली तर जप्ती. मावशीने हरकतीचा अर्ज आणला. शिमग्याच्या आधी, मुदतीत. नियम साधा आहे. घरमालकाला आकारणी मान्य नसेल, तर ज्याने आकारणी केली त्यानेच निकाल द्यायचा नाही. प्रकरण जिल्ह्याच्या अपील कक्षाकडे पाठवायचं.

साहेब म्हणाले, "शिक्का मारू नको. मारलास की वर पाठवावं लागेल."

मी मारला नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये, डब्याखाली.

त्याच आठवड्यात एक नारळाच्या वाडीचे मालक आले. त्यांच्या चार खोल्यांत काशीदला जाणारे पर्यटक उतरतात, तरी त्यांना 'निवासी' हवं होतं. त्यांना खुर्ची, चहा. त्यांच्या अर्जावर शिक्का मीच मारला. संध्याकाळी प्रकरण अपील कक्षाकडे रवाना.

मावशी पहिल्यांदा विचारायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "बाला, माजा कागद गेला ना वर?"

"इथे ओळख काढू नका, बाई."

ती बघत राहिली. मग मान हलवली. पुढच्या खेपेपासून मला भाऊसाहेब म्हणू लागली. आई गेल्यावर जिने मला भरवलं, ती. माझी लाज तीच झाकत होती.

शेवटच्या खेपेला साहेब स्वतः खिडकीशी आले. "मुदत संपली. आता अपील न्हाय." 'न्हाय' त्यांनी तिची नक्कल करत म्हटलं. कचेरी हसली.

"कागद मी दिलाय, साहेब. या भाऊसाहेबांना इचारा."

मी म्हणालो, "नोंद दिसत नाही."

ती वळली. गेली. साहेबांनी काडेपेटी माझ्या टेबलावर फेकली. "लाव. आज दोन लाव."

मी काडेपेटी उचलली नाही. "मावशी आहे माझी," मी म्हणालो. "सख्खी. मी कोळीच आहे."

साहेब खुर्चीत रेलले. "तरीच. मला वाटायचं वास खिडकीतून येतो."

पुन्हा हशा. इतकी वर्षं त्या हशात माझाही आवाज होता. बाहेर उभ्या माणसाला तो कसा ऐकू जातो, ते त्या दिवशी कळलं.

यात शौर्य काही नाही. उदबत्ती न लावल्याने जप्ती टळत नाही. तिच्या दारावर नोटीस चिकटली आहे. अर्ज माझ्याकडे आहे, खाली तिचा अंगठा. सोमवारी तो घेऊन मी अपील कक्षात जाणार. अर्ज मुदतीत आला होता, साहेबांच्या सांगण्यावरून मी तो दडवला, असं माझ्या हाताने लिहून, पूर्ण नावाने सही करून. नोकरी जाईल. जाऊ दे.

हे कागदाचं झालं. त्याच खिडकीबाहेर, साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशी, तिला मावशी म्हणून हाक मारायची आहे. ती हाक मी तिला देणं लागतो.