कव्हर कुणी काढलं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. भानामतीविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून वाटते आहे. वडील मजकूर सांगायचे, मी स्टेन्सिल कापायची. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात माझं नाव बघून आमचे कार्यकर्ते हसतील. हसू देत. पटेल असं कारण कुणाकडे असेल तर मला ते हवंच आहे.

सत्याऐंशीचा मे महिना. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमच्या युनियनचं ऑफिस होतं. वर सिमेंटचा पत्रा, हात उंचावला की लागणारा. खिडकी एकच, तीही कायम बंद — खाली पावडर कोटिंगचं, म्हणजे पत्र्यावर रंगाची भुकटी चढवायचं काम चालायचं, उघडली की सगळ्यावर निळी भुकटी बसायची. एका हितचिंतकाने जुना कॉम्प्युटर दिला होता. देताना बजावलं होतं, "मागची जाळी मोकळी ठेवा. तासभर चालवा, मग बंद करून निवू द्या." आम्ही ते पाळायचो. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून, आम्ही घामात.

त्या दिवशी मात्र तास मोजायला सवड नव्हती. औषधाच्या कारखान्यात भुकटी भरून ज्यांची फुप्फुसं गेली, आणि तक्रार केली म्हणून ज्यांना काढून टाकलं, त्या बायकांच्या हकीकती दुसऱ्या दिवशी सरकारी चौकशी समितीला द्यायच्या होत्या. शेवटची राहिली होती अनसूयाबाई. ती त्याच दुपारी कायमची गावी निघाली होती. तिचं बोलणं मी थेट मशीनवर टाइप केलं.

"कागुद नको का?"

"कागद कशाला, मावशी? हे सगळं ठेवतं."

"ठेवलं म्हंजे बरं. मला परत सांगाया जमायचं न्हाई, ताई." एवढं बोलायला ती दोनदा थांबली.

ती गेली. दीडच्या सुमाराला युनियनचे सेक्रेटरी कदम दारात आले. "अगं, चल जेवायला. खानावळवाला भात संपवेल." मी उठले, आणि उठता उठता मशीनवर रेक्झिनचं कव्हर ओढलं. आमच्याकडे टाइपरायटरच्या दिवसांपासून शिस्तच होती — जागा सोडली की मशीन झाकायचं. साळवीकाका म्हणून आमचे जुने टायपिस्ट, त्यांनी ती सगळ्यांच्या हाताला लावली होती. पण हे मशीन चालू होतं. अनसूयाबाईची हकीकत अजून फ्लॉपीवर सेव्ह केलेली नव्हती. वीज गेली असती तर तीही गेली असती. दाराला कुलूप लावलं, एकुलती एक किल्ली माझ्या पर्समध्ये.

आमटी वाढून घेताना हात थांबला.

"काय गं?" कदम.

"मी कॉम्प्युटर झाकून आले. चालू."

"वाट लागली," म्हणत ते ताटावरून उठले.

दोन वाजता आम्ही वर पोचलो. कुलूप जसंच्या तसं. आत जळकट वास. मशीन बंद, भिंतीवरचं बटणही बंद. फ्लॉपी बाहेर काढून तिच्या कागदी पाकिटात ठेवलेली. कव्हर खुर्चीवर — चार घड्या, कडेला कड जुळवून. मशीनला हात लावला तर चटका बसला.

कदम त्या घडीकडे बघत राहिले. "साळवी अशीच घालायचे."

"त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नव्हता."

"शिकले असतील गं... आपण नाही का शिकलो?"

एरवी मी तासभर भांडले असते. त्राण नव्हतं.

फ्लॉपी घेऊन पार्ल्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो. हकीकत शेवटच्या शब्दापर्यंत होती. फाइलच्या नावापुढे वेळ होती, एक वाजून बावन्न मिनिटं. आमच्या मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतं, दर वेळी चालू करताना मी मनगटावरचं बघून वेळ घालायची; त्या दिवशी ते सकाळपासून चालूच होतं. एक बावन्नला मी कदमांसमोर जेवत होते. दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या माणसाने मशीन उघडलं. आतला पंखा निळ्या भुकटीने अडकलेला, वायरी वितळलेल्या. "वेळेवर बंद केलंत," तो म्हणाला, "नाहीतर माळा पेटला असता."

वीज गेली असेल? वीज फाइल सेव्ह करत नाही. मीच सेव्ह करून विसरले, सकाळी वेळही चुकीची घातली? त्या दिवसांत इतकी थकलेली असायची की तेही मानायला तयार आहे. पण कव्हर ओढताना कदमांनी मला पाहिलं होतं. ते चालू मशीनवर होतं, हेही त्यांनी पाहिलं होतं. मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा कदमांनी त्याला हार घातला. मी काढला. आठवडाभर आमचं बोलणं नव्हतं.

हकीकती वेळेत दिल्या. अनसूयाबाई पावसाळ्यात गावीच वारली. तिचं म्हणणं समितीच्या कपाटात आहे, अजून कुणी उघडलेलं नाही. ते कुणी वाचवलं, मला सांगता येत नाही. कुणी दाबून ठेवलंय, ते मात्र नावानिशी सांगू शकते.