लाइन्समनचा झेंडा

नागपूरच्या तांडापेठेत रुपराव हेडाऊंना सगळे रेफरी म्हणत. घरी हातमाग होता, तो वडील चालवायचे. रुपराव स्वतः कापड गिरणीत विणकर होते. पण गल्लीच्या तोंडाशी कोणी ‘हेडाऊंचं घर कुठलं’ विचारलं की उलट प्रश्न यायचा, “कोणते हेडाऊ? रेफरी का?”

तरुणपणी ते गिरणीच्या संघातून हाफबॅक खेळत. मोतीबागेच्या मैदानावर एका सामन्यात गुडघा गेला तो कायमचाच. धावता येत होतं, पण चेंडूवर झडप घालायची म्हटलं की पाय ऐनवेळी दगा द्यायचा. मग त्यांनी रेफरीची परीक्षा देऊन शिट्टी हातात घेतली. एका वर्षी लीगच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी आपल्याच गिरणीविरुद्ध पेनल्टी दिली आणि गिरणी हरली. दुसऱ्या दिवशी खात्यातल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, त्यांना मागाजवळ गाठलं.

“हेडाऊ, तू कोनाचा मानूस हायेस गा?”

“इथं गिरणीचा. मैदानावर कोनाचाच नाही.”

त्यानंतर वर्षभर त्यांच्या वाट्याला सगळ्यात मोडके माग आले. त्यांनी तक्रार केली नाही. उलट घरी बायकोला, शामलाला, हसत सांगायचे, “माग तुटतात वं, नियम नाही तुटत.”

शामलाचा धाकटा भाऊ चंद्रभान पराते याच गिरणीत लागला होता. दिसायला देखणा, बोलायला गोड, कोणाशीही पाच मिनिटांत दोस्ती करणारा. रुपरावांनी त्याला हौसेनं लाइन्समन केलं. ऑफसाइड कशी पाहायची, चेंडू मारला त्या क्षणी नजर कुठं हवी, झेंडा कसा ताठ वर गेला पाहिजे, हे सगळं कस्तूरचंद पार्कवर दगड मांडून शिकवलं. पुढं दोघं जोडीनंच सामने करू लागले. चंद्रभानचा झेंडा वर गेला की रुपराव मागं वळूनही न पाहता शिट्टी मारायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, “त्यानं पाह्यलं म्हंजे म्या पाह्यलं.”

एकाहत्तर साल संपता संपता टांझानियातल्या एका नव्या गिरणीचा माणूस नागपुरात आला. त्याला जाणकार विणकर हवे होते, तीन वर्षांच्या करारावर. चंद्रभान लगेच तयार झाला. रुपरावांचं मन होत नव्हतं. दोन मुली लहान होत्या, वडील थकले होते. पण सासू बायजाबाई त्याच गल्लीत राहायची. ती येऊन बसली.

“जवाई, माह्या पोराले एकट्याले कसं धाडू? तुम्ही सोबत असान तर माह्या जिवाले घोर नाही.”

मुंबईहून बोटीनं दारेसलाम आणि पुढं आगगाडीनं देशाच्या आत, मोठ्या सरोवराकाठचं किसेंगा. गावाबाहेर नजर पोचेल तिथवर कपाशी. पहिल्या दिवशी ती पाहून रुपराव चंद्रभानला म्हणाले, “हे तर आपलं सावनेरच दिसून राहिलं गा.” दोघांना गिरणीच्या चाळीत एक खोली मिळाली.

तिथं फुटबॉलचं वेड नागपूरहून जास्त. गिरणीचा संघ, बंदरावरच्या हमालांचा संघ, पोलिसांचा, मच्छीमारांचा. आजूबाजूच्या गावांचे धरून दहाएक संघांची लीग होती. निलगिरीच्या वाशांचे गोलपोस्ट, कडेनं बसलेली माणसं आणि जागा नसली की आंब्याच्या झाडांवर चढलेली. खेळ चांगला, पण रेफरींवर कोणाचाच विश्वास नव्हता. दर रेफरी कोणत्या ना कोणत्या क्लबाच्या घरचा, त्यामुळे दर दुसरा सामना भांडणात संपायचा.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात लीगवाल्यांना कळलं की गिरणीत एक हिंदुस्थानी आहे आणि तो परीक्षा दिलेला रेफरी आहे. ते बोलवायला आले तेव्हा रुपरावांनी एकच अट घातली. लाइनवर चंद्रभान हवा.

पोलिसांच्या सामन्यात त्यांनी एका हवालदाराला कोपर मारल्याबद्दल मैदानाबाहेर काढलं. मैदानावर असा ओरडा उठला की रुपरावांना वाटलं आता आपल्याला मारतात. लोक नाचत होते. तिथं रेफरीला ‘रेफा’ म्हणतात आणि हिंदुस्थानी माणसाला ‘म्हिंदी’. दुसऱ्या दिवसापासून गावात ते ‘रेफा म्हिंदी’ झाले. बाजारात मासे तळणाऱ्या बाया त्यांना हाका मारून बसवायच्या. ट्रकमध्ये कापसाच्या गाठींवर बसून ही जोडी गावोगाव जायची. सामना संपल्यावर हरलेला कप्तान हात मिळवायचा. नागपुरात इतकी वर्षं शिट्टी फुंकून जो मान मिळाला नव्हता, तो त्यांना तिथं एका हंगामात मिळाला.

गिरणीच्या संघाचे सामने मात्र ते घेत नसत. “म्या तिथचं मीठ खातो,” म्हणायचे. हंगामाच्या शेवटी गिरणी आणि बंदर हे दोनच संघ वर राहिले. शेवटचा सामना त्यांच्यातच होता. बंदराला जिंकणं भाग होतं, गिरणीला बरोबरी पुरत होती. रेफरी कोण, यावर लीगच्या बैठकीत बाचाबाची झाली. तेव्हा बंदराचा कप्तान मासांजा उठून म्हणाला, “रेफा म्हिंदीच द्या. तो गिरणीत काम करतो हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तोच द्या.”

हे ऐकून रुपराव त्या संध्याकाळी नीट जेवले नाहीत. चंद्रभानला म्हणाले, “समोरच्या संघानं मागून घेतलेला रेफरी पाह्यला का कधी? हा सामना झाला की म्या मरायले मोकळा.”

चंद्रभान हसला आणि भाकर थापत राहिला.

सामन्याला गाव लोटलं होतं. खेळ चिवट झाला. गोल होईना. संपायला थोडा वेळ उरला असताना बंदराच्या पोरानं मधून लांब चेंडू टाकला. मासांजा मोकळा सुटला आणि त्यानं गोलीच्या डाव्या बाजूनं चेंडू आत घातला. रुपराव मागं राहिले होते. गुडघा कुरकुरत होता. त्यांनी सवयीनं लाइनकडं पाहिलं. चंद्रभानचा झेंडा ताठ वर होता.

त्यांनी शिट्टी मारली. ऑफसाइड. गोल नाही.

मासांजा चालत त्यांच्याकडं आला. त्यानं आरडाओरडा केला नाही. इतकंच विचारलं, “रेफा, तू पाहिलंस?”

“माझ्या माणसानं पाहिलं,” रुपराव म्हणाले.

मासांजानं एकदा चंद्रभानकडं पाहिलं आणि मान हलवून तो परत खेळायला गेला. सामना बरोबरीत सुटला. गिरणी लीग जिंकली. बंदराचे लोक दगड न मारता, शिवी न देता उठून गेले आणि तेच रुपरावांना खटकत राहिलं.

आठवड्याभरात चंद्रभान विणाई मास्तर झाला. त्याच्याहून जुने चारजण खात्यात होते. जिंकल्याबद्दल कॅन्टीनमध्ये गोडधोड वाटलं, तेव्हा गिरणीचे मॅनेजर ओमप्रकाश रुपरावांच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाले, “तुमचा मेहुणा कामाचा माणूस निघाला. ऐनवेळी गिरणीची लाज राखली त्यानं.”

रुपरावांनी हातातली बशी खाली ठेवली. खोलीवर आल्यावर त्यांनी दार लावलं.

“चंद्रभान, मासांजा ऑफसाइड होता का?”

“भाऊजी, तुमचा न माहा, दोघायचाही करार संपून राहिला होता. सायबानं सांगतलं, लीग जिंकली तर दोघायलेही ठेवतो. म्या तुमच्यासाठीही केलं.”

“मले काहून नाही विचारलं?”

“विचारलं असतं तर तुम्ही हो म्हनले असते का?”

रुपराव दुसऱ्या दिवशी लीगच्या ऑफिसात गेले आणि सांगितलं, तो झेंडा खोटा होता, सामना पुन्हा खेळवा. लीगवाल्यांनी चंद्रभानला बोलावलं. समोर भाऊजी उभे असताना चंद्रभान खाली बघत, एव्हाना त्याला चांगल्या येणाऱ्या तिथल्या भाषेत म्हणाला, “मला यांनीच सांगितलं होतं. सामन्याच्या आधी. बंदराचा गोल झाला तर झेंडा वर कर म्हणाले. मी लहान, मी कसा नाही म्हणणार?”

रुपरावांना ती भाषा अर्धीच समजायची. पण हे पुरं समजलं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा शब्द मात्र मराठीच आले, आणि ते तिथं समजणारा एकच माणूस होता.

सामना पुन्हा झाला नाही. रुपरावांना लीगनं काढलं, गिरणीनं करार वाढवला नाही. चंद्रभान राहिला. निघताना स्टेशनवर मासांजा आला होता. दोघंही बोलले नाहीत. त्यानं विश्वास ठेवला की नाही, हे रुपरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

नागपुरात ते पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. तिथल्या गिरणीतून सुटीवर आलेल्या कोणीतरी गल्लीत सांगितलं होतं की रेफरीनं परदेशात सामना विकला आणि मेहुण्यालाही त्यात गोवलं. बायजाबाई दारातूनही जावयाशी बोलेना. शामला मात्र त्यांना नवस फेडायला रामटेकला घेऊन गेली. गडाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबली.

“इथं सांगा. रामाच्या दारात. काय झालं होतं?”

त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “तुमचं खरं असन. पन हे कोनाले सांगू नका. त्याची नोकरी जाईन. माह्या मायले तो एकलाच पोरगा हाय.”

“अन् माहं काय?”

“तुम्हाले घर हाय, पोरी हायेत. लोक काय, दोन महिने बोलतात.”

लोक दोन महिने बोलले नाहीत, वर्षानुवर्षं बोलले. नागपूरच्या संघटनेनं ‘चौकशी होईपर्यंत’ म्हणून त्यांना सामने देणं थांबवलं. चौकशी कोणी केली नाही. जुन्या गिरणीनं परत घेतलं नाही, म्हणून ते हिंगण्याच्या एका कारखान्यात लागले. रोज कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून जायचे. बसमधली माणसं फुटबॉलवर बोलू लागली की हे बाहेर पाहायचे. नातेवाइकांच्या लग्नात कोणीतरी हमखास टोमणा मारायचं. अशा वेळी ते शामलाकडं पाहायचे. तिनं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ती पंगतीत वाढत राहायची.

चंद्रभान ऐंशीनंतर परतला. मोठं घर बांधलं, मैदानावर जाऊ लागला आणि बघता बघता फुटबॉल संघटनेत उपाध्यक्ष झाला. एका रविवारी सकाळी मिठाईचा डबा घेऊन तो बहिणीकडं आला. शामला आत चहा ठेवत होती.

“भाऊजी, झालं ते झालं. या वर्षीच्या लीगची फायनल तुम्ही करा. म्या बोलून ठेवलं हाय. तुमचं नाव परत निघन.”

रुपरावांनी डबा हातात घेतला नाही. मग म्हणाले, “मले एकच सांग. मासांजा खरंच ऑफसाइड होता का नव्हता? इतकी वर्सं मनात घोळून राहिलं. कधी वाटते, होताही असन. तू खोटं करायले गेला अन् झेंडा खराच निघाला असन.”

चंद्रभाननं डबा टेबलावर ठेवला.

“मले नाही माहीत, भाऊजी. म्या तिकडं पाह्यलंच नव्हतं. चेंडू पुढं गेला न म्या झेंडा उचलला.”

स्वयंपाकघराच्या दारात शामला कपबशा घेऊन उभी होती. तिनं त्या तिथंच खाली ठेवल्या आणि भावाला म्हणाली, “जा. डबा घेऊन जा.”

त्याच दुपारी ती आईकडं गेली आणि गल्लीतल्या चार बाया बसल्या असताना सगळं बोलून आली. बायजाबाई म्हणाली, “आता बोलून का फायदा वं? इतकी वर्सं झाली.” बाकीच्या बाया उठून गेल्या. आठ दिवसांत गल्लीला खरं कळलं. कोणी रुपरावांची माफी मागायला आलं नाही. काहीजण रस्त्यात भेटले की जरा जास्त वाकून नमस्कार करायचे, इतकाच फरक पडला. चंद्रभान उपाध्यक्षच राहिला. ती फायनल दुसऱ्या कोणीतरी केली.

त्या दिवसांत एकदा जेवायला वाढताना शामलानं त्यांना विचारलं, “माह्यावर राग हाय का?”

“त्यानं दगा केला तो एका दिवसाचा,” रुपराव म्हणाले. “त्याले लोभ होता. तुले तर रामटेकलेच माहीत झालं होतं.”

शामला ताटाशेजारी बसून राहिली. ते जेवले, हात धुतले आणि बाहेर खाटेवर जाऊन पडले. पुढची सगळी वर्षं दोघांनी एकाच घरात, नीट काढली. मुलींची लग्नं केली, एकमेकांची आजारपणं काढली. तिनं सांगितलेलं कोणतंही काम त्यांनी कधी टाळलं नाही. पण ‘त्यानं पाह्यलं म्हंजे म्या पाह्यलं’ असं ते परत कोणाबद्दलच म्हणाले नाहीत. भाजीवाल्यानं दिलेलं माप, डॉक्टरानं सांगितलेली गोळी, मुलीसाठी आलेलं स्थळ, सगळं स्वतः जाऊन पाहून यायचे. दुखऱ्या गुडघ्यानं, सावकाश, एकटेच.