षटकारवाल्याची शपथ आणि माझी माफी

शारजाच्या मैदानांवर टेनिस बॉलने क्रिकेट खेळणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत तो फलंदाज सगळ्यात आधी मी आणला. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो, कारण पुढे सगळे ते विसरले आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः विसरला.

आमच्याकडे पद्धत अशी आहे की गावाकडच्या स्पर्धा गाजवणारे खेळाडू हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर इथे आणायचे, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये ठेवायचे आणि शनिवार-रविवार खेळवायचे. संघांना आपापल्या तालुक्याची नावं. बाकीचे संघमालक बँकेत, ऑइल कंपनीत, एअरलाइनमध्ये नोकरी करणारे. मी टाइल्सवाला. रास अल खैमाच्या फॅक्टऱ्यांमधून माल उचलतो आणि दुबई-शारजाच्या ठेकेदारांना विकतो. सुरुवातीला ट्रकमधून पेट्या मीच उतरवल्या, आता स्वतःचं गोडाऊन आहे. माल हातात घेऊन, उलटा करून बघायची सवय मला तेव्हापासूनची.

त्याला असाच पाहून आणला होता. अंगाने काडी, पण मनगटात जादू. मुलीला मी तिची खोली रिकामी करायला लावली आणि तिथे त्याला ठेवला. दोन हिवाळे तो माझ्या संघाकडून खेळला. तिसऱ्या हिवाळ्यात लीगच्या अध्यक्षांच्या संघात गेला. अध्यक्ष म्हणजे पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मैदानावरही इस्त्रीचा शर्ट घालून येणारे गृहस्थ. जाताना त्याने मला एक फोनही केला नाही. ते मी गिळलं. अगदी गिळलं असं नाही, पण गप्प बसलो.

चौथ्या हिवाळ्यात विमानातून उतरला तो वेगळाच माणूस होता. मान आणि खांदे यांच्यामधली जागाच नाहीशी झालेली. जबडा रुंद. शर्ट बदलताना पाठभर पुरळ सगळ्यांनी पाहिलं. पूर्वी ज्याचे फटके कसेबसे दोरीपलीकडे पडायचे, तो आता पलीकडच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर बॉल टाकू लागला आणि लीगचा स्टार झाला. तिशी ओलांडलेला माणूस एका पावसाळ्यात असा फुलत नाही, हे कळायला डॉक्टर व्हायला लागत नाही. मैदानाबाहेरच्या करक चहाच्या टपरीवर सगळे हेच बोलायचे.

"दूध बदललंय गड्याचं."

"दूध नाही, गवळी बदललाय."

हसायचे आणि आत जाऊन त्याच्याबरोबर सेल्फी काढायचे. मला चीड आली ती याची. मग एका शनिवारी त्याने माझ्याच संघाची पिसं काढली, आणि मी लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, चारशे माणसांसमोर लिहिलं, "सुई कुठे मिळते त्याचा पत्ता दे भावा, आम्हालाही लांब मारायचंय."

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. गळ्यात रुद्राक्ष, मागे देवाचा फोटो, डोळ्यांत पाणी. तेव्हा मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गिऱ्हाइकाच्या गोदामात माल उतरवून घेत होतो. तिथला मॅनेजर अमेरिकन, साठीचा, बेसबॉलचं वेड असलेला. टोपीसुद्धा त्याच्या शहरातल्या संघाची, उन्हाने विटलेली. मी मोबाइलकडे बघून शिव्या देतोय हे पाहून तो शेजारी येऊन उभा राहिला. मराठीचा एक शब्द त्याला येत नाही.

"खेळाडू आहे का?" त्याने विचारलं. "औषध घेतल्याचा आरोप आहे?"

"तुला कसं कळलं?"

"थांब, सांगू नकोस." त्याने व्हिडिओ पहिल्यापासून लावायला सांगितला. स्टार बोलत होता आणि हा बोट वर करून मला विचारत होता. "आता आईबद्दल बोलला?" हो. "आता मेहनत, पहाटे उठणं?" हो. "आता जळणारी माणसं?" हो, तिथे त्याने माझं नाव न घेता 'काही टाइल्स विकणाऱ्यांच्या पोटात दुखतंय' असं म्हटलं होतं. अमेरिकन गालात हसला. "आता एक सांग. मी ते घेतलं नाही, असं सरळ वाक्य कुठे आलं?"

मी पुन्हा ऐकलं. कुठेच नव्हतं. माझ्यासारख्या, समोरच्याच्या तोंडून शब्द काढून घेण्यावर पोट भरणाऱ्या माणसाच्या हे आधी लक्षात आलं नाही, याचा मला त्या व्हिडिओपेक्षा जास्त राग आला.

"आमच्याकडे बेसबॉलमध्ये हे भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की आता चाल ऐकूनच गाणं ओळखतो," तो म्हणाला. "आमचा एक मोठा हिटर होता. तो असंच बोलला आणि आम्ही कुणीच विश्वास ठेवला नाही. तरीही त्याचा जयघोष करायला आम्ही दर मॅचला जायचो. तिकीट काढून."

"मग सिद्ध झालं का?"

"हबीबी, सिद्ध कुणाला करायचं होतं?" हा त्याचा इथे शिकलेला एकच अरबी शब्द, आणि तो कुठेही लावायचा.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. आवाज बँकेतल्यासारखा मऊ. "हे बघा, तो खूप दुखावलाय. पोलिसांत तक्रार करायचं म्हणतोय. इथे ग्रुपवर कुणाची बदनामी करणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. इथे मोबाइलवर टाइप केलेल्या एका ओळीवरून माणसाला पोलीस स्टेशनच्या खुर्चीत बसावं लागतं. केस झाली तर व्हिसा, लायसन्स, गोडाऊन, सगळं तिच्या मागे टांगलेलं. मी पेट्या उचलून जे उभं केलं, ते सगळं एका सुईच्या टोकावर आलं होतं, आणि ती सुई मला टोचलेलीही नव्हती.

"दोनच मार्ग आहेत," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही सिद्ध करा, नाहीतर मैदानावर माईकवरून माफी मागा."

"तिसरा आहे. त्याची टेस्ट करा. खर्च माझा."

"कमिटीत ठेवतो विषय."

त्या रात्रीपासून फोन सुरू झाले. एकेक सभ्य गृहस्थ, आवाज खाली करून: "साहेब, बोललात ते शंभर टक्के खरं हो, पण ग्रुपवर नको होतं." एकाने तर कुठलं औषध असेल तेही मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, हेच ग्रुपवर लिहा. तो म्हणाला, "माझी मुलं इथे शाळेत आहेत." जणू माझी मुलगी जंगलात वाढली. तिला सांगितलं तर ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, जस्ट से सॉरी अँड मूव्ह ऑन. एव्हरीबडी नोज एनीवे." हे एव्हरीबडी नोज ऐकून माझं डोकं आणखी तापलं.

कमिटी बसली अल मजाजला, अध्यक्षांच्या फ्लॅटमध्ये. खाली खाडीचं पाणी चमकत होतं, आत पोहे फिरत होते. टेस्टचा विषय निघाला तसे अध्यक्षांनी लॅबचे दिरहॅम सांगितले, मग मोठ्याने त्यांचे रुपये करून सांगितले, आणि खर्च माझा असूनही सगळ्यांनी एकसुरात सुस्कारा सोडला. मग कुणीतरी म्हणालं, "त्यापेक्षा तो भंडारा उचलायला तयार आहे. खंडोबाचा भक्त आहे तो. खोटा भंडारा कोण उचलेल?"

आणि इंजिनिअर, ऑडिटर, पायलट असलेल्या त्या माणसांचे चेहरे एकदम मोकळे झाले. लघवीच्या बाटलीपेक्षा हळदीची वाटी सोपी. जेजुरीचा भंडारा शारजात कुठून आणायचा? अध्यक्षांच्या घरातली सुपरमार्केटची हळद वाटीत काढली, टीव्हीच्या पडद्यावर खंडोबाचा फोटो लावला. पडदा मोठा होता, देव चांगला दिसत होता.

स्टार आला. पाया पडला, वाटीत हात घातला, डोळे मिटले. "मी आजवर जे खाल्लं ते घामाचं खाल्लं. कुणाचं वाईट चिंतलं नाही. माझ्या देवाला सगळं माहीत आहे." त्याने मूठभर हळद कपाळाला लावली.

"येळकोट येळकोट!" एकजण ओरडला.

"थांबा," मी म्हणालो. "देवाला माहीत आहे हो, आम्हाला माहीत नाही. असं म्हण, मी सुई घेतली नाही. पाच शब्दसुद्धा होत नाहीत."

तो माझ्याकडे वळला. त्या मानेला वळायलासुद्धा वेळ लागत होता. "काका, हातात भंडारा असताना असले घाण शब्द तोंडात आणू? तुमचे संस्कार असतील तसे."

"माझ्या संस्कारांनी तुला दोन हिवाळे माझ्या घरी जेवू घातलं."

"तेच काढा आता! जेवणाचं काढा!" तो खेकसला. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली, आणि पोह्यांची बशी धरलेली माणसं थोडी मागे सरकली. कुणाच्या मनात काय आलं ते प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. तरीही अध्यक्ष म्हणाले, "चला, आमच्या दृष्टीने विषय संपला. खलास. आता तुमची माफी."

मी खूप ठिकाणी हरलेलो आहे, पण हळदीच्या वाटीपुढे कधी नाही. उठून निघून जावं असं वाटलं. पण तक्रारीचं टांगतं ओझं तसंच होतं. मग मी बसलो आणि जे मला येतं ते सुरू केलं. भाव करायला लागलो.

अध्यक्षांनी मजकूर तयारच ठेवला होता: "मी केलेला आरोप खोटा होता. मी बिनशर्त माफी मागतो."

"यातलं 'खोटा' काढा," मी म्हटलं.

"मग उरतं काय?"

"असं लिहा: मी ग्रुपवर लिहिलं ते लिहायला नको होतं. कुणाला वाईट वाटलं असेल तर माफ करा."

हा माझा पहिला भाव होता. इतका खाली की मलाच लाज वाटावी. धंद्यात असा भाव सांगायचा तो समोरच्याने भडकावं म्हणून. माझ्या टाइल्सना कुणी चारचौघांत सेकंड क्वालिटी म्हटलं असतं आणि नंतर 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असं पुटपुटलं असतं, तर मी त्याची कॉलर धरून 'खोटं बोललो' एवढे दोन शब्द वदवून घेतले असते. बाकी माफी गेली खड्ड्यात. म्हणून मी चढायला जागा ठेवली होती. तो 'खोटं' मागणार, मी नाही म्हणणार, मग बदल्यात टेस्ट मागणार.

तो म्हणाला, "चालेल."

एकदम. विचारसुद्धा न करता.

"नीट वाच," मी म्हटलं. "यात आरोप खोटा होता असं कुठेच नाही."

"वाचलं काका. चालेल."

"थांब. मी 'खोटा' घालतो. मोठ्या अक्षरात घालतो, माईकवर दोनदा म्हणतो, हवं तर तुझ्या पाया पडतो. तू फक्त उद्या माझ्याबरोबर लॅबमध्ये चल."

त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. मगाचा खेकसणारा माणूस आता अगदी गरीब झाला होता. "दादा, मी चालेल म्हटलं ना? हे कशाला वाढवतायत?"

अध्यक्षांनी घाईघाईने प्रिंट काढायला घेतला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सौदा मी केला होता, आणि समोरच्याला मालाची खरी किंमत माहीत होती.

शनिवारी टॉसनंतर मी माईकवर ती दोन वाक्यं वाचली. स्टारने मला मिठी मारली, पोत्यात कोंबल्यासारखी. टाळ्या पडल्या. तो माईक घेऊन म्हणाला, "काकांचं मन मोठं आहे, मी त्यांना माफ केलं." पुन्हा टाळ्या. माफ कशाबद्दल केलं, ते त्यानेही सांगितलं नाही.

मी जागेवर येऊन बसलो. शेजारी ऑइल कंपनीतून निवृत्त होत आलेले एक गृहस्थ होते. मला रात्री फोन करून औषधाचं नाव समजावणारे तेच. माझ्याकडे झुकून म्हणाले, "ऐकलं मी नीट. 'खोटं' शब्द कुठे गेला?"

"त्याला नको होता."

"फुकट देत होतात?"

"वर लॅबचा खर्च देत होतो."

ते पोट धरून हसले. डोळे पुसले. "म्हणजे झालंच की हो! आता अजून काय पाहिजे?" मग त्यांनी दोन करक चहा मागवले, एक माझ्यासाठी. तेवढ्यात स्टार बॅट फिरवत आत गेला. पहिल्याच ओव्हरमध्ये बॉल पार्किंगच्याही पलीकडे गेला, कुठल्याशा पिकअपच्या टपावर आदळल्याचा आवाज आला, आणि माझ्या शेजारचे गृहस्थ दोन बोटं तोंडात घालून उभे राहिले. त्यांची शिट्टी सगळ्यात लांब ऐकू गेली असणार. त्यांचा चहा माझ्या पँटवर सांडला होता.