साडभाऊंचा बर्फ

उभ्या गोंदिया जिल्ह्यात बर्फाचा अर्थ कळलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे थोरले साडभाऊ. प्रत्यक्षात त्यांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला. तांदळाचा व्यापार, फुलचूरला घर, आणि बैठकीत सोफ्यासमोर हिमशिखरांचं भलंमोठं चित्र: तीन शिखरं, पायथ्याशी एक झोपडी. भर मे महिन्यात ते कूलर बंद करून त्यापुढे बसतात, कारण कूलरच्या घरघरीनं म्हणे चित्रातली शांतता बिघडते. "आज पहाड नाराज हाय," असं म्हणून त्यांनी चांगले चांगले सौदे सोडलेत. मधलं शिखर म्हणजे वैराग्य, डावीकडचं अहंकार, आणि उजवीकडच्याचा अर्थ दर दिवाळीला बदलतो. पाहुण्यानं चित्रात काय दिसतं ते सांगितल्याशिवाय चहा येत नाही. पहिल्यांदा मी नुसतं 'छान आहे' म्हणालो आणि पाणी पिऊन परत आलो. आता 'अथांग एकाकीपण' म्हणतो, तर सोबत चिवडाही मिळतो.

हा छंद एकुलत्या एका मुलीच्या लग्नाआड येऊ लागला तेव्हा मात्र आमचं हसू आटलं. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाची आधी चित्रापुढे परीक्षा. नागपूरच्या एकानं मनालीच्या पॅकेजचे भाव सांगितले, तो गेला. दुसऱ्याला फ्रेम आवडली, तोही गेला. मग आला केशोरी गावचा, धानाची शेती करणारा मुलगा. तो पोरीच्या मनात भरलाय, हे साडभाऊ सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती दाराआड उभी, आणि मी मनातल्या मनात त्याला 'एकाकीपण' पढवतोय. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढ्या थंडीत या झोपडीतून धूर काऊन नाही निघून रायला? अंदर कोणी हाय का नाही?"

साडभाऊ उठून चित्राजवळ गेले. इतकी वर्षं शिखरांचे अर्थ लावण्याच्या नादात त्या झोपडीकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. मग वळून म्हणाले, "चहा आणा." पोरीनंच आणला.

लग्नानंतर मी गेलो, तर काही सांगायच्या आधीच चहा आला. कूलर चालू होता आणि साडभाऊ चित्रापुढे बसले होते. झोपडीवर कोळशाची बारीकशी रेघ दिसली. डाग समजून मी पुसायला रुमाल काढला, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. केशोरीले चूल पेटली असन आता."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. त्या दिवशी चित्रात काय दिसतं ते मी अगदी खरं सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलंच नाही.