बाल्कनीतला डबा

शेजारी कुणीतरी मासे तळतंय, आणि अमेरिकेत, सांता क्लारातली २००८ची ती संध्याकाळ पुन्हा माझ्या डोक्यात घोळतेय.

भारताचं यान चंद्राकडे निघालं म्हणून देशपांडेकाकूंकडे पार्टी होती. माझा केरळी कलीग जोसेफ हौसेनं तळलेले मासे घेऊन आला.

"अरे, शुभ दिवस आहे आज! तो डबा बाहेर ठेव," काकू मला म्हणाल्या. मी तो बाल्कनीत ठेवला. शिवाय वास नको म्हणून दारही लावलं.

जोसेफ शांतपणे म्हणाला, "देशाचं पहिलं रॉकेट आमच्या कोळ्यांच्या गावातून उडालं. आजोबांनी त्यासाठी राहतं घर सोडलं."

"ग्रेट, यार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दार मात्र कुणीच उघडलं नाही.

निघताना त्यानं भरलेला डबा उचलला, आणि मी, निर्लज्जासारखा, त्याच्या हातावर पेढा ठेवला.