पुढच्या वर्षीची बॅटरी

पुढच्या वर्षावर आमच्या भाऊजींनी जितकं प्रेम केलं, तितकं या नागपूर शहरात कुणी आपल्या बायकोवरही केलं नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर हुडकेश्वरला, पण मनाने ते कायम पुढच्या वर्षी राहायला असतात. पुढच्या वर्षी चांगला निघणार म्हणून त्यांनी टीव्ही बदलला नाही, फ्रीज बदलला नाही. लग्नसुद्धा ते पुढच्याच वर्षी करणार होते, पण आमच्या वडिलांना तेवढा धीर नव्हता. अशा माणसाने चार वर्षांपूर्वी विजेवर चालणारी मोटरसायकल गल्लीत सगळ्यांच्या आधी आणली, तेव्हा ताईला वाटलं, सुधारले एकदाचे. पण गाडीला हार घालून झाला त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, की गाडी ठीक आहे, खरी बॅटरी पुढच्या वर्षी येऊन राहिली आहे.

विजेचं त्यांना कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. कळमन्याच्या बाजाराजवळ चाळीस वर्षं त्यांचं शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. शेतकऱ्याने पोत्यात गुंडाळून आणलेली मोटार उघडली, की भाऊजी हत्याराला हात लावायच्या आधी तिला नाक लावत. वासावरून सांगत, हिने कोरडी विहीर ओढली, किंवा हिच्यात उंदीर गेला होता. ते कधी चुकत नसत. बॅटरीला मात्र वासच नाही, आणि हे त्यांना फार लागतं. जिच्या पोटातलं नाकाला कळत नाही, तिची काळजी करायची तरी किती, म्हणून ते काळजी सगळीच करतात.

आमचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. त्या महिन्यात भाऊजींच्या घरचा कूलर बॅटरीकडे तोंड करून चालतो. गाडीतून काढलेली बॅटरी मधोमध स्टुलावर, आणि तिच्या अंगावरून जी हवा उरेल ती ताईला, मला आणि आल्यागेल्याला. मी एकदा घाम पुसत तक्रार केली, तर म्हणाले, "तुमी बोलून तरी दाखवता. तिनं आपली गरमी कोनाले सांगावं?" मी खुर्ची तेवढी बॅटरीजवळ सरकवली.

गाडीवर बसले की त्यांचा हिशेबीपणा आणखी वाढतो. हॉर्न चार्ज खातो अशी त्यांची ठाम समजूत आहे. इतकं शिकलेलं नाक असून ही समजूत कशी झाली, देव जाणे, पण चार वर्षांत त्यांनी हॉर्नच्या बटणाला बोट लावलेलं नव्हतं. त्याऐवजी ते स्वतः ओरडतात. मानेवाडा चौकात "ओ दादा, बाजूले" असा आवाज आला, की ओळखीची माणसं वळून न बघताच बाजूला होतात. एकदा मी मागे बसणार होतो आणि ताईने डबा दिला. डब्याचं वजन नको, तो इथेच खाऊन घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. मी म्हटलं, भाऊजी, डब्यातलं पोटात गेलं तर गाडीला काय फरक पडणार. ते बराच वेळ विचारात पडले आणि मग एकटेच निघून गेले.

नव्या बॅटरीचा विषय निघाला, की त्यांचा चेहरा लग्नाच्या मांडवातल्यासारखा होतो. सध्याच्या बॅटरीत आत पातळ वरण असतं, असं ते समजावतात, आणि वीज साठवणारे कण त्यातून इकडून तिकडे पोहत जातात. नव्या बॅटरीत वरणाऐवजी घट्ट झुणका. त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त वीज मावणार, पेट घ्यायची भीती कमी, आणि चहा पिऊन होईस्तोवर भरणार. ताई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणते, की झुणका घट्ट झाला की त्याला चिराही पडतात. गंमत म्हणजे ताईचं खरं आहे. भरता-रिकामी करता आतल्या त्या घट्ट थराला बारीक तडे जातात, प्रयोगशाळेत एक बनवणं जमतं पण लाखांनी बनवणं जड जातं. हे भाऊजींनी स्वतःच मला एकदा हळू आवाजात सांगितलं, ताई घरात नसताना.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण या पुढच्या वर्षाला एक माणूस बांधलेला होता. भाऊजींची थोरली बहीण पारशिवनीच्या पलीकडच्या खेड्यात राहते. तिला आम्ही सगळे मोठी बाई म्हणतो. छप्पन्न साली ती पाचेक वर्षांची होती, आणि दीक्षेसाठी बापाच्या बैलबंडीत बसून, आईने रात्री जागून शिवलेलं पांढरं झबलं घालून नागपूरला आली होती. भाऊजींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मोठ्या बाईची एकच इच्छा होती. त्याच रस्त्याने, बंडीसारखंच उघड्यावर बसून, एकदा दीक्षाभूमीला जायचं. बसमध्ये खिडकी मिळत नाही आणि जीपमध्ये काही दिसत नाही, म्हणून भावाच्या मोटरसायकलवर. भाऊजींनी कबूल केलं होतं. पण एकदा चाचणी म्हणून ते एकटेच एका दिवसात गावी जाऊन परत निघाले, तर शहराच्या अलीकडे गाडी थांबली आणि त्यांनी ती भर उन्हात ढकलत आणली. कागदावर लिहिलेले किलोमीटर उन्हात आणि पुलांच्या चढावर निम्मे होतात, हे त्यांना तेव्हा अंगावरून कळलं. बहिणीला रस्त्यात अडकवून बसवायचं या कल्पनेनेच ते खचले. तेव्हापासून तीन वर्षं तिला एकच उत्तर मिळत होतं, की पुढच्या वर्षी नवी बॅटरी येते, मग न थांबता नेतो.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या बाईचा फोन आला. तिला काचबिंदू निघाला होता. उरलेली नजर टिकेल याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. ती रडली नाही. भावाला म्हणाली, "तुया पुढच्या वर्षी मले रस्ता दिसन का नाही, मालूम नाही गा."

भाऊजींनी फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा या वर्षी काहीतरी करायचं ठरवलं. आम्ही आदल्या दिवशी गावी गेलो, रात्री बॅटरी भरली आणि सकाळी निघालो. पुढे भाऊजी, मागे घडी घातलेल्या गोधडीवर एका अंगाने बसलेली मोठी बाई, पांढरं लुगडं, आणि त्यांच्या मागे पेट्रोलच्या स्कूटरवर चार्जर घेऊन मी. मला पुढे जायची सक्त मनाई होती. वाटेत थांबायचं कुठे, तर ज्यांच्या मोटारी भाऊजींनी कधीकाळी दुरुस्त केल्या त्यांच्या दारी. पहिल्याच घरी चार्जर लावला आणि गावची वीज गेली.

घरच्या बाईने चुलीवर तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या. मोठी बाई ओसरीत पाय पसरून बसली आणि घटकाभरात त्या घरातल्या तीन पिढ्यांची चौकशी करून मोकळी झाली. भाऊजी मात्र गाडीपाशी उकिडवे बसले होते. पडद्यावरचा आकडा हलत नव्हता. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदाच हसू आलं नाही. शेवटी ते बहिणीजवळ आले आणि म्हणाले, नवी बॅटरी असती तर आतापर्यंत पोचलो असतो, माझंच चुकलं.

मोठ्या बाईने शेंग सोलून दाणे त्यांच्या हातावर ठेवले. "काहून गा? आपल्या बापानं बी बैल चार जागी सोडले होते. चिचेखाली सोडले, कन्हानवर पानी पाजलं. तवा कोनी म्हनलं नाही का बैल खराब आहे. पोचाची घाई तुले आहे. मले तं रस्ता पाहाचा आहे."

भाऊजींनी दाणे खाल्ले, आणि मग ते ओसरीतच तिच्या शेजारी आडवे झाले. दोन तासांनी वीज आली तेव्हा त्यांना उठवावं लागलं.

पुढे कन्हानच्या पुलाशी आणखी एक थांबा झाला. मोठ्या बाईने कठड्याशी उभं राहून बैल कुठे उतरले होते ती जागा दाखवली. जागा खरी तीच होती का कोण जाणे, पण बोट अजिबात थरथरत नव्हतं. शहरात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि बॅटरीत नावापुरता चार्ज उरला होता. तरीही पांढरा घुमट दिसताच भाऊजींनी हॉर्न वाजवला. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि चांगला लांबलचक. मोठ्या बाईने दोन्ही हात जोडले होते, आणि मागे मला चष्मा पुसायला स्कूटर बाजूला घ्यावी लागली.

आता मोठ्या बाईला माणसं आवाजावरून ओळखावी लागतात. फोनवर ती तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, झाडासकट, पुलासकट, आणि भाऊजी सगळं माहीत असूनही मध्ये मध्ये विचारतात, मग पुढं काय झालं वं बाई. परवा मी मोठ्या उत्साहाने त्यांना बातमी वाचून दाखवली, की दहा मिनिटांत भरणारी बॅटरी आता खरोखरच पुढच्या वर्षी येणार. वाटलं, उडी मारतील. त्यांनी पेपर घेतला, नीट घडी घालून बाजूला ठेवला.

"येऊ दे," ते म्हणाले. "पन दहा मिनिटांत तुरीच्या शेंगा उकडत नाही, बाप्पा."

मग त्यांनी कूलरचं तोंड आपणहून माझ्याकडे वळवलं.