ताण कुठे पडतो

रिटायर झालेल्या प्रोफेसरला संशोधनाबद्दल विचारलं की तो पेपरांची यादी काढतो. माझी यादी तोकडी आहे, किस्सेच जास्त साचलेत. बरेचसे संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतले. तेव्हा मी दादरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नवा लेक्चरर होतो. लोखंडावर भार आला की आत कुठे किती ताण पडतो, हे आकडेमोडीने काढणं हा माझा विषय. आज ते काम कॉम्प्युटर करतो.

डिपार्टमेंटमध्ये हाताने फिरवायचं एकच कॅल्क्युलेटिंग मशीन होतं, तेही हेडसाहेबांच्या कपाटात, कुलपात. मागायला गेलो तर म्हणाले, "वापरून झिजतं रे ते." मग मी लॉग टेबल घेऊन लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीत आकडे मांडत बसायचो.

आबा, म्हणजे माझे वडील, गिरणीत कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवायचे. एकदा त्यांनी विचारलं, "काय करतंस, झिला?" झील म्हणजे मुलगा.

म्हटलं, "पत्र्याला भोक असेल तर तो कुठून फाटेल, ते काढतोय."

"भोकाकडसूनच फाटतलो. साच्यावर कोणाकय विचार."

वर्षभराने माझंही तेच उत्तर आलं.

आंदोलन पेटलेलं. परळला पोलिसांनी मला अडवलं. पिशवीत आकड्यांनी भरलेले कागद.

"ही कसली सांकेतिक भाषा?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ताण आहे, साहेब."

"गावात कमी आहे का?"

दुपारी मला सोडलं, कागद ठेवून घेतले. ते परत मिळालेच नाहीत. वर्षभराचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

ते छापून आलं तेव्हा वर नाव हेडसाहेबांचं. मी शेवटी, आभारात, 'सुवाच्य अक्षराबद्दल'. ते म्हणाले, "तुझं वय आहे अजून." मी त्यांना पेढे दिले. का दिले, ते अजून कळलेलं नाही.

मग आबांच्याच गिरणीतलं काम आलं. त्यांच्या खात्यात छताच्या एका तुळईला तडा गेला होता. मी हिशेब केला. तुळई धोक्याची होती, खातं बंद ठेवून ती बदलायला हवी होती. हेडसाहेबांनी कागद पाहिला. "मालक आपल्याला नवी लॅब देतायत. जरा उदार हाताने आकडे धर. आणि या वेळी सही तूच कर, नाव होईल तुझं."

मी सही केली.

घरी आबांना सांगितलं, "तुळई ठीक आहे. रिपोर्टवर सही माझीच आहे."

"बरा," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

पुढचं मला त्यांच्या शेजारच्या साच्यावरच्या माणसाने सांगितलं, फार वर्षांनी. दुसऱ्या दिवसापासून आबा त्या तुळईखालून कधी गेले नाहीत. रोज भिंतीकडून लांबचा वळसा घालून आपल्या साच्यावर यायचे. इतरांनाही तिकडूनच यायला लावायचे. कोणी कारण विचारलं तर एवढंच म्हणायचे, "सही माझ्या झिलाची आसा."